भुताला काडीमोड

मिस्त्रींच्या घराचं गटार तुंबलं ही बातमी गल्लीत ज्या आनंदाने पसरली, त्या आनंदाने कुणाच्या लग्नाचीही पसरली नसती. चाळीस वर्षं या माणसाने लोकांचे नळ, मोऱ्या आणि संडास दुरुस्त केले होते, आणि प्रत्येक वेळी "हे कोणत्या गाढवाने बसवलं?" असं विचारून मगच पाना हातात घेतला होता. आता त्याच्याच दारात शुक्रवारपासून घाण पाणी उभं होतं, आणि ती नळी बसवणारं गाढव म्हणजे त्याचे सख्खे वडील होते.

"ढाळच उलटा दिलाय अण्णांनी," खड्ड्यातून धाकटीचा आवाज आला. "साठ वर्षं बिचारं पाणी चढावर चाललंय."

"अण्णांच्या वेळी जमीन वेगळी होती," मिस्त्री म्हणाले.

"हो, तेव्हा डोंगर होता इथे."

चहाचे कप घेऊन माई दारात उभ्या होत्या. दार म्हणजे आता नुसती चौकट उरली होती. उंबरा काढून भिंतीला टेकवला होता. त्याच्या जागी कमरेइतका खोल चर होता, तळाशी काळं पाणी होतं आणि त्यात त्यांची चौतीस वर्षांची लेक उभी होती. घरात यायला-जायला चरावर एक फळी टाकलेली होती. घराला दार एकच. मागच्या बाजूला अण्णांनी कधीकाळी पाण्याची टाकी बांधली आणि मागचं दार कायमचं बुजवलं, त्यालाही त्यांनी सुधारणाच म्हटलं होतं.

मिस्त्रींचा धंदा धाकटीने उचलला. थोरल्याने उचलला नाही, तो अग्निशामक दलात गेला. पाणी सोडायचंच तर जोरात सोडावं असं त्याचं म्हणणं. फिटिंगच्या दुकानाचा काउंटर मात्र तीस वर्षं माईंकडे होता. कुठल्या गिऱ्हाइकाला नळीचा कोपर हवा आणि कुठल्याला सांधा, हे त्या चेहरा बघून ओळखत. निदान त्यांचा तसा समज होता.

"आई, खाली कशाला बघताय? चक्कर येईल." मागून जावई आला. त्याने माईंच्या हातातला ट्रे अलगद काढून घेतला. "आणि तिला म्हणावं, हातमोजे घाल. जंतू असतात."

"हातमोजे घाल गं," माई खड्ड्यात वाकून म्हणाल्या. "तो म्हणतोय."

धाकटीने वर पाहिलं आणि पुन्हा फावडं मारलं.

आता हा जावई इथे काय करत होता, हे गल्लीतल्या लोकांना चार महिन्यांत कळलं नव्हतं. धाकटी नवऱ्याला सोडून आली, ते एक पिशवी आणि पान्यांची पेटी घेऊन. घटस्फोटाचे कागद तिने आधीच करून आणले होते. पंधरा दिवसांनी तिची समजूत काढायला म्हणून नवरा आला, तो मोठी बॅग घेऊन. माईंनी त्याला वरची खोली दिली, बाल्कनीची. तो राहिलाच. सोडून आलेली बायको खाली सामानाच्या खोलीत नळ्यांच्या राशीशेजारी झोपत होती, आणि ज्याला सोडलं तो बाल्कनीत सकाळचं ऊन खात होता. आत्या म्हणाली होती, "जगात पहिल्यांदाच एका माणसाला टाकलं आणि तो इतका नीट झेलला गेला."

पण करणार काय? माणूसच तसा गोड होता. गाद्यांच्या शोरूममध्ये विक्री करायचा. आलेल्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत आडवं करायची कला त्याच्या जिभेत होती. थोरल्याची पाठ दुखते म्हणून त्याने कंपनीच्या भावात गादी आणून दिली. आत्याला दिली. मिस्त्रींना दिली, आणि मिस्त्री त्या गादीवर इतके गाढ झोपले की घरातल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचं मत उरलं नाही. माईंचा डावा गुडघा दुखतो हे नवऱ्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं, ते जावयाला तिसऱ्या दिवशी कळलं. तो काउंटरवर येऊन बसायचा, गप्पा मारायचा, माईंना हसवून हसवून रडवायचा.

आल्या आल्या धाकटीने माईंना एकदाच कारण सांगितलं होतं. "आई, तो माझ्याशी बोलत नाही."

माईंना हसूच आलं होतं. "तो? बोलत नाही? अगं, तो गप्प कधी बसतो ते सांग!"

त्यानंतर धाकटीने पुन्हा काही सांगितलं नव्हतं.

फावडं कशालातरी लागलं. दगडाचा आवाज नव्हता, भांड्याचा होता. धाकटीने फावडं ठेवलं, हाताने माती उकरली, आणि जुन्या नळीपासून वीतभर अंतरावरून एक मातीची वाटी बाहेर काढली. चांगली ओंजळीएवढी, जमिनीत नेमकी पालथी घातलेली. तिने ती बादलीतल्या पाण्याने धुतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून सुलटी ठेवली. आतून कडेपासून तळापर्यंत गोल गोल ओळींत काळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. तळाशी एक चित्र होतं. केस पिंजारलेलं, डोळे वटारलेलं, दोन्ही पायांत बेड्या घातलेलं ध्यान.

"हा आपला थोरला," आत्या वाकून म्हणाली. "लहानपणी आंघोळीला नेताना अस्साच दिसायचा."

थोरल्याला हसू आलं नाही. जळत्या इमारतीत शिरणारा हा गडी स्वयंपाकघरात टेबलापासून चार पावलं लांब उभा राहिला. "परत पुरा ते. आत्ताच्या आत्ता. भुताखेतांचं काहीतरी आहे."

"मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली," निवृत्त नर्स असलेली आत्या म्हणाली. "किती माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली. एकही परत आलं नाही. आली असती तर निदान जेवणाबद्दल तक्रार केली असती."

"पण वन्सं, कुणीतरी मुद्दाम पुरलंय ना," माई म्हणाल्या. त्यांना वाटी ना ठेववत होती ना टाकवत होती. "उगाच कशाला हलवा?"

"तुम्ही घाबरू नका आई," जावई म्हणाला. "मी आहे ना घरात."

"हेच तर," असं धाकटी पुटपुटली, की नुसतंच खोकली, ते माईंना नक्की कळलं नाही.

मिस्त्रींनी संग्रहालयाला फोन केला. त्यांना कायद्याची भीती भुतापेक्षा जास्त.

रविवारी सकाळी संग्रहालयातल्या बाई आल्या. बुटक्या, जाड भिंगांच्या, एका हातात स्पंज भरलेला डबा आणि दुसऱ्या हातात ब्रशांची थैली. फळीवरून येताना त्या मधोमध थांबल्या, चरात डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय सुंदर वास आहे! असल्या वासाखालीच माझं सगळं करिअर सापडलंय."

माईंना बाई तिथेच आवडल्या. टेबलावर चहा, ब्रेड आणि उकडलेली अंडी मांडली. थोरला आज टेबलापासून दोन पावलांवर आला होता. धाकटी खड्ड्यातून थेट आली आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर बसली. जावई माईंच्या शेजारी, धाकटीच्या बरोबर समोर. मिस्त्री चिखलाच्या हातांनी दारातच उभे राहिले.

बाईंनी वाटी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ नुसती फिरवली. एकीकडे त्यांनी एक अंडं संपवलं.

"चौदाशे वर्षं तरी जुनी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराखाली दुसरं घर असणार, त्याच्याखाली तिसरं. लोक अशा वाट्या उंबऱ्याखाली पालथ्या पुरायचे. भूत जमिनीतून वर येतं, वाटीखाली सापडतं. उंदराचा सापळा लावतो ना आपण, तसं."

"म्हणजे आत भूत होतं?" थोरला दोन पावलं मागे गेला.

"असलं तर काल यांनी बादलीत धुतलं." बाईंनी धाकटीकडे बोट दाखवलं. "पण ही जरा वेगळी आहे. ही नुसती धमकी नाहीये, हा कायदेशीर कागद आहे. काडीमोड."

"कुणाचा?" माईंनी विचारलं.

"भुताचा. त्या लोकांची अशी समजूत होती की काही भुतं घरात घुसतात ती नवऱ्यासारखी. बाईच्या घरात राहतात, जेवतात, मुक्काम ठोकतात. मारून जात नाहीत, मंत्राने जात नाहीत, कारण ती स्वतःला घरचीच समजतात. मग त्यांना रीतसर घटस्फोट द्यायचा. लेखी. आणि तो दारात पुरायचा."

आत्याने चहाचा कप खाली ठेवला, कारण हसताना तो सांडायला लागला होता.

"वाचा ना," धाकटी म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, वाटी नाकाला लावली आणि हळूहळू, अडखळत अर्थ सांगू लागल्या. "मी, अमुकीची लेक अमुकी... अशा वाट्यांवर सगळीकडे आईचं नाव लावतात, बापाचं नाही. आई कोण हे निदान नक्की असतं."

दारातून मिस्त्री खाकरले.

"मी तुला सोडलं आहे. तू माझ्या घरात माणसाच्या रूपात येतोस, माझ्या अंथरुणावर लोळतोस, माझ्या माणसांबरोबर जेवतोस. आता हा तुझा कागद घे. तुझं अंथरूण उचल, उंबरा ओलांड. पुन्हा येऊ नकोस, दिवसा नाही आणि झोपेतही नाही."

मग सगळ्यात आधी हसला तो जावईच. टेबलावर थाप मारून हसला. "अंथरूण उचल! आई, हे भूत आमच्याच धंद्यातलं दिसतंय. दहा वर्षांची हमी असलेली गादी असती तर मी पण सोडून गेलो नसतो."

थोरला हसला. माईही हसल्या. बाई हसत हसत दुसरं अंडं सोलायला लागल्या.

धाकटी हसली नाही. तिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला हात पुसले आणि सरळ समोर बघत विचारलं, "तू सही कधी करणार आहेस?"

जावई माईंकडे वळला. "बघा आई. पाहुण्या आल्यात, छान गप्पा चालल्यात..."

"मी तुला विचारतेय. कागद चार महिने वर तुझ्या टेबलावर पडलेत. सही कधी?"

"दादा," जावई थोरल्याला म्हणाला, "तुम्हीच सांगा, ही काय वेळ आहे? तिला म्हणावं, आपण सगळे बसून शांतपणे बोलू."

"तो म्हणतोय, नंतर शांतपणे..." माईंनी सवयीने सुरुवात केली.

संग्रहालयातल्या बाईंनी अंड्यावर मीठ घालता घालता हळूच माईंना विचारलं, "यांना त्या बाजूने ऐकायला कमी येतं का हो?"

"नाही हो," माई म्हणाल्या. "चांगलं खणखणीत ऐकू येतं."

आणि बोलून झाल्यावर माई तशाच बसून राहिल्या.

चांगलं खणखणीत ऐकू येतं. मग समोर बसलेल्या बायकोला उत्तर का देत नाही? त्या आठवायला लागल्या. तिला म्हणावं, मीठ दे. तिला सांगा, पाऊस येणार आहे. तिला विचारा, माझा शर्ट पाहिला का. चार महिने रोज, दिवसातून दहादा. आणि आपण काउंटरवर बसल्यासारखं इकडचं घेऊन तिकडे देत होतो, तिकडचं घेऊन इकडे. एकदाही, एकदाही त्याने थेट... माईंनी आठवून पाहिलं. शुक्रवारी नाही, त्याच्या आदल्या आठवड्यात नाही, तो बॅग घेऊन आला त्या दिवशीही नाही. त्या दिवशीसुद्धा धाकटीने दार उघडलं होतं, आणि तिच्या खांद्यावरून आत बघत तो म्हणाला होता, "आई कुठायत?"

"जावईबापू," माई म्हणाल्या. "तिच्याशी एक वाक्य बोला."

"अहो आई, तुम्ही पण ना!"

"माझ्याशी नको. तिच्याशी. काहीही बोला. मीठ दे म्हणा."

"मीठ काय, आई, तुमच्या हातचं..."

"तिला म्हणा."

जावई हसत होता. हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. त्याने मिठाच्या भांड्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. फ्रीज घुरघुरत होता. आत्याचा ब्रेड हातातच राहिला.

"अरे बोल ना यार," थोरला कळवळून म्हणाला. "दोन शब्द तर आहेत."

जावयाने माईंकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे माईंना पहिल्यांदाच नीट दिसले. याला बोलता येत नव्हतं असं नाही. लाजत होता असंही नाही. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवलेल्या माणसाचे ते डोळे होते. बाहेरचा कितीही दार वाजवो, त्याला मजा वाटत होती.

धाकटी शांत बसली होती. तिला यातलं काहीच नवीन नव्हतं, आणि तेच माईंना बघवेना.

"बॅग भरा," माई म्हणाल्या.

"आई?"

"वरची खोली मला धाकटीला द्यायची आहे. बॅग भरा. आणि ते कागद खाली आणा."

मग तो बोलला. काय बोलला! माईंना, थोरल्याला, आत्याला, अगदी संग्रहालयातल्या बाईंनाही. या घराला आपण आपलं मानलं, कुणाच्या पाठीचा विचार केला, कुणाच्या गुडघ्याचा केला.

"माझ्या गुडघ्याचं मी बघते," माई म्हणाल्या.

"आणि माझ्या पाठीचं... गादी परत द्यावी लागेल का?" थोरल्याने विचारलं. आत्याने त्याच्या पोटरीवर लाथ मारली.

पाव तासाने जावई बॅग घेऊन जिना उतरला. कागद आणले नव्हते. कुणाकडे न बघता तो दाराशी गेला आणि थबकला. चर होता, पण वर फळी नव्हती. ती पलीकडच्या बाजूला अंगणात आडवी पडली होती, आणि तिच्यावर मिस्त्री बसले होते. चार महिन्यांत घरातल्या भानगडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आताही त्यांनी फार शब्द खर्च केले नाहीत.

"सही झाली की टाकतो," ते म्हणाले.

"बाबा, ही जबरदस्ती झाली."

"कसली जबरदस्ती? उडी मारा की. कमरेइतकंच आहे."

जावयाने खाली पाहिलं. साठ वर्षांचा उलटा ढाळ तळाशी संथपणे बुडबुडत होता. मग त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. बूट नवे होते.

आत्या वर जाऊन कागद घेऊन आली. पेन संग्रहालयातल्या बाईंनी दिलं. "पक्क्या शाईचं आहे," त्या म्हणाल्या. "चौदाशे वर्षं टिकेल."

त्याने चारही पानांवर भिंतीला टेकून सह्या केल्या. मिस्त्रींनी पानं मागवून घेतली, गिऱ्हाइकाचा जुना नळ तपासावा तशी एकेक सही तपासली आणि फळी टाकली. जावई फळीवर चढला. माईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जपून हं!" मग स्वतःचाच त्यांना राग आला. तो मात्र वळला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या बॅगेची चाकं खडखडत राहिली.

संग्रहालयातल्या बाईंनी वाटी स्पंजमध्ये बसवली, डब्याचं झाकण लावलं आणि पावतीवर माईंची सही घेतली. थोरल्याला राहवेना. "आता ती नेली म्हणजे घर उघडं पडलं ना?"

"कसलं उघडं?" आत्या म्हणाली. "चार महिने होतीच की ती खाली. काय दिवे लावले तिने? तो आत येऊन बसलाच ना?"

"तिच्यावरून चालत आला असेल. भूत खालून येतं."

"वाटीला कशाला नावं ठेवता?" माई म्हणाल्या. "दार मी उघडलं त्याला."

बाईंनी डबा छातीशी धरला, निघताना माईंच्या दंडाला हलकेच हात लावला आणि फळीवरून तुरुतुरु गेल्या.

दुपारी नवी नळी टाकायची होती. मिस्त्री सांध्याचं सामान आणायला दुकानात गेले. धाकटी पुन्हा चरात उतरलेली होती, हातात करवत, बाजूला पांढऱ्या नळीचे तुकडे. माई काठावर येऊन उभ्या राहिल्या. काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि हा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात फारसा आलेला नव्हता. शेवटी त्या काठाला हात टेकून हळूहळू खाली उतरल्या, चपलांसकट, थेट चिखलात.

"आई, काय करतेस!"

"एक टोक धरते. एकटीला कसं जमणार?"

धाकटीने नळीचं टोक त्यांच्या हातात दिलं. करवत चालायला लागली. पांढरा भुसा दोघींच्या हातांवर पडत होता.

"सगळ्यात जास्त किती दिवस होता असा?" माईंनी विचारलं. "न बोलता."

करवत थांबली नाही. "एकेचाळीस."

"एकेचाळीस दिवस?"

"मी त्याच्या बहिणीसमोर त्याचं एक वाक्य दुरुस्त केलं होतं. गादीच्या लांबीबद्दल." धाकटीने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "पहिला आठवडा मी माफी मागत होते. दुसऱ्या आठवड्यात भांडत होते. नंतर मी नळ सोडून ठेवायला लागले. स्वयंपाकघरातला, बाथरूममधला. निदान घरात कसला तरी आवाज."

माईंच्या हातातली नळी हलली.

"नीट धर."

"धरलीये."

नळी कापून झाली. धाकटीने तुकडा बाजूला ठेवला, पण दुसरा उचलला नाही. ती चराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. चोवीस तास तोंड चालवणाऱ्या माई तिच्यासमोर घोट्यापर्यंत चिखलात उभ्या होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. वर दारातून आत्याने डोकावून "चहा?" असं विचारलं, तर माईंनी न बघताच हात हलवून तिला घालवून दिलं.

"मग?" त्या धाकटीला म्हणाल्या. "पुढे सांग."